रेवणप्पांनी मांडी घातली

“डोळं! आरं डोळं उघड की!”

रेवणप्पा ओरडले, पण त्यांच्या तोंडाआधी त्यांचा उजवा पाय कामाला लागला होता. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तो ब्रेक त्यांनी पार खाली दाबला आणि जुनी अँबॅसिडर होटगी रोडवर धूळ उडवत थांबली. समोर वीतभर अंतरावर म्हैस उभी होती. तिने गाडीकडे एकदा पाहिलं, शेपटी हलवली आणि आपल्या सवडीने रस्ता ओलांडला.

स्टिअरिंगवर हिंदुराव बसला होता. वय वर्षे अठरा, मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याने हळूच डोळे उघडले.

“गेली का, आण्णा?”

“म्हस गेली. तू कुटं गेलतास?”

पोरग्याने पुन्हा गाडी चालू केली. ही त्याची अडतिसावी शिकवणी होती.

गाडीच्या दारावर लाल अक्षरांत ‘पंधरा दिवसांत मोटार शिका’ असं रंगवलेलं होतं. ते मोटार-शाळेचे मालक पंचाक्षरी यांचं गणित. त्या वर्षी पेट्रोल इतकं कडाडलं होतं की पंचाक्षरी पंधराचे दहा करायला निघाले होते. रेवणप्पांचं गणित मात्र निराळं. किती दिवसांत गाडी येईल असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, “मी मांडी घालीन त्या दिशी.”

आणि ते खरंच होतं. शिकणाऱ्यावर पुरता भरवसा बसला की रेवणप्पा त्याला दुपारी तीन वाजता, मिल सुटायच्या वेळी, मिलच्या फाटकावरून गाडी न्यायला लावायचे. भोंगा झाला की शेकडो सायकली एकदम रस्त्यावर सांडायच्या. डबे, टांगे, भजीवाल्यांच्या गाड्या, मधूनच एखादं डोक्याने अधू कुत्रं. त्या गर्दीत शिरण्याआधी रेवणप्पा चपला काढायचे, दोन्ही पाय सीटवर घ्यायचे आणि देवळात कीर्तनाला बसावं तशी ऐसपैस मांडी घालायचे. गाडी पार झाली की म्हणायचे, “साकु.” साकु म्हणजे पुरे. बाकी सगळी शिकवणी ते मराठीत करत, शिव्यांसकट. हा एवढा एक शब्द त्यांच्या आईच्या कानडीतला.

फाटकासमोरच्या पानवाल्या सिद्धाप्पाला डाव्या खिडकीतून त्यांचा गुडघा दिसला की तो आरोळी ठोकायचा, “रेवणप्पांनी मांडी घातली रे!” अख्ख्या पेठेत त्या आरोळीला सरकारी शिक्क्यापेक्षा जास्त मान होता. एका डॉक्टरच्या मुलाच्या वाट्याला ती नऊ दिवसांत आली, एका वकिलाला सव्वीस दिवस लागले, आणि एका हेडमास्तरांनी दोन महिने घासून शेवटी सायकलवरच समाधान मानलं.

हिंदुरावाला सायकलवर समाधान मानायची सोय नव्हती. त्याचा बाप महिपती एका सुताच्या व्यापाऱ्याची मोटार वीस वर्षं चालवत होता. बंगल्याच्या मागच्या अंगाची खोली त्या नोकरीबरोबरच आलेली. वर्षापूर्वी महिपतीला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. कडी गेली, मग दिवेही गेले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, उशीर झाला. मालक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “पोराला तयार कर. दसऱ्याला गाडीची पूजा होईल, त्या दिवशी किल्ली त्याच्या हातात देतो. पण लायसन काय, कुणालाही मिळतं. रेवणप्पा मांडी घालू देत, मग पाठव. न्हाय तर मला दुसरा माणूस बघावा लागंल, आणि खोलीही त्यालाच द्यावी लागंल.”

लायसन खरंच मिळालं होतं. मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढायचा, गाडी मागे घ्यायची. हिंदुरावाने दोन्ही झकास केलं. हात हलके होते, गिअर लोण्यासारखा पडायचा. बापाचाच हात. पण मैदानात समोरून कुणी येत नाही. रस्त्यावर काही आडवं आलं की पोरगा घट्ट डोळे मिटायचा. रेवणप्पांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा टपलीही मारली. दसऱ्याला पाच दिवस उरले तेव्हा चाळिसावी शिकवणी झाली होती, आणि रेवणप्पांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

त्या संध्याकाळी ते खरं काय ते सांगायला महिपतीच्या खोलीवर गेले. दोघे एके काळी एकाच लॉरीवर क्लिनर होते. एका ताटात जेवलेले, एका ताडपत्रीखाली झोपलेले. महिपती दाराशी बसला होता. चपलांचा आवाज ऐकून तो म्हणाला, “ये रेवण्या. डावी चप्पल अजून घासतच चालतोस व्हय?”

बजाबाईने चहा आणून ठेवला. “भावजी, पोरगं कसं हाय?” एवढं विचारून ती आत गेली, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही. ती दाराआड उभी होती हे रेवणप्पांना कळत होतं.

“महिपती,” त्यांनी सुरुवात केली, “हात शिकत्यात, पाय शिकत्यात. भ्या काय शिकत न्हाय बघ.”

“भ्या मलाबी लई हुतं की. पहिल्या दिशी मी लॉरी उसाच्या फडात घातली न्हवं का?” महिपती हसला. हसता हसता त्याचे डोळे भलतीकडेच बघत होते. “आता मला पोराचा हात दिसंना. गाडी तो कसा वळवतो, न्हाय दिसत. पर सिद्धाप्पाची आरोळी तर ऐकू यील? मी तितं उभा ऱ्हाणार हाय. तेवढं कानावर पडलं की डोळं गेल्याचं मला कायबी वाटायचं न्हाय. किती दिस लागतील रं अजून?”

रेवणप्पांनी चहाचा घोट घेतला. ‘त्याला दुसरं काम बघ’ हे वाक्य त्यांनी वाटभर घोकलं होतं. ते घशाशी आलं आणि चहाबरोबर खाली गेलं.

“परवा,” ते म्हणाले.

परवा म्हणता परवा आला. तीनला भोंगा झाला. पानाच्या ठेल्यापाशी महिपती काठी टेकून उभा होता, धुतलेला पटका बांधून. रेवणप्पांनी चपला काढल्या. डावा पाय उचलून सीटवर घेतला, गुडघा खिडकीला लावला आणि धोतराचा घोळ मांडीवर नीट पसरला. त्या घोळाखाली उजवा पाय होता तिथेच राहिला, ब्रेकवर.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अर्धी मांडी घातली.

“चल,” ते म्हणाले. हिंदुरावाने एकवार त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गाडी सोडली. पोरगा खरंच चांगला चालवत होता. सायकली दुभंगून वाट देत होत्या. मध्येच डबा लटकवलेला एक कामगार आडवा आला. हिंदुरावाचे डोळे मिटले. धोतराखाली पाय हलकेच दाबला गेला, सैल झाला. पुढे टांगा आला, पाय पुन्हा दाबला गेला. बाहेरून कुणाला काही कळलं नाही.

“रेवणप्पांनी मांडी घातली रे!”

“साकु,” रेवणप्पा म्हणाले. 

महिपतीने पेढे आणलेच होते. रेवणप्पांचं तोंड कुठे आहे ते त्याने आधी हाताने चाचपलं, मिशीला बोट लागलं, मग पेढा भरवला. बायकोला मुलगा झाला तेव्हासुद्धा हा माणूस इतका खुलला नव्हता. रेवणप्पांना तो पेढा गिळताना रडू आलं, आणि लोकांना वाटलं आनंदाने आलं.

रेवणप्पा काही बेफिकीर माणूस नव्हते. रोज पहाटे पोराला गुपचूप बाहेर काढायचं, महिना-दोन महिने घासायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन पहाटे हिंदुराव आलाही. मग दसरा झाला, गाडीला झेंडूची माळ पडली, किल्ली हातात आली, आणि पहाटे मालकाला स्टेशनावर, दुपारी पेढीवर नेण्याआणण्यात पोराला उसंत मिळेना. “पुढल्या हप्त्यात येतो, आण्णा,” तो म्हणायचा. रेवणप्पाही म्हणायचे, “ये.”

दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी मालकाने त्याला अक्कलकोटहून पाहुणे आणायला पाठवलं. गाडी रिकामीच जाणार होती, म्हणून महिपतीही शेजारी बसला. पोराच्या हातातलं इंजिन ऐकायचं होतं त्याला. वाटेत बांधावरून एक पोर चाक पळवत रस्त्यावर आलं. पोर वाचलं. गाडी लिंबाच्या झाडावर गेली, ती महिपतीच्या बाजूने. शेतातून धावत आलेले लोक सांगत होते की म्हातारा सीटवर मांडी घालून बसला होता, त्याला पाय टेकायलाही अवधी मिळाला नाही.

महिपतीच्या तेराव्याला रेवणप्पा त्या खोलीवर गेले. निम्मं सामान बोचक्यांत बांधलेलं होतं. महिनाअखेरीस नवा ड्रायव्हर यायचा होता. अंगणात पंगतीची तयारी चालली होती. हिंदुराव जामिनावर सुटून आला होता आणि मुंडण केलेलं डोकं भिंतीला टेकून मोरीपाशी एकटाच बसला होता. रेवणप्पा त्याच्याजवळ गेले. दहा दिवस त्यांना अन्न गेलं नव्हतं.

“हिंदुराव, ऐक. चूक तुझी न्हाय. त्या दिशी मी मांडी घातलीच नव्हती. एक पाय खाली हुता.”

पोराने मान वर केली नाही.

“ठावं हाय मला.”

“काय?”

“तुमचा ब्रेक दाबला की माझ्या पायाखालचाबी खाली जातो की, आण्णा. दोन डाव गेला. मला कळणार न्हाय व्हय?”

 बावीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट आठवली नव्हती.

“मग बोलला का न्हाईस रं?”

“तुमी तरी कुटं बोलला?” हिंदुरावाचा आवाज फाटला. “माझा तात्या पेढा भरवत हसत हुता. कसं बोलायचं?”

 कुणीतरी हाक मारली, पानं मांडली होती. रेवणप्पा उठून पंगतीच्या टोकाला गेले आणि पत्रावळीसमोर उकिडवे बसले. वाढपी पुढे सरकला. खोलीच्या उंबऱ्याशी बजाबाई मोकळ्या कपाळाने बसली होती. ती किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत होती.

“भावजी, असं उकिडवं का बसलाय?” ती म्हणाली. “मांडी घालून बसा की. तुमच्या मांडीवर त्येंचा लई भरवसा हुता.”

सगळी पंगत त्यांच्याकडे बघू लागली. रेवणप्पांनी डावा पाय दुमडून आत घेतला. धोतर सारखं केलं. उजवा पायही घ्यायला गेले, पण तो उचलेना. धोतराच्या घोळाखाली तो अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर टाच रोवून तसाच दाबलेला राहिला.