फळ्याची उजवी बाजू

मित्रांनो, आज मी आपणांपुढे माझे जीवनवृत्त सादर करणार आहे. त्यात माझा जन्म, माझा उत्कर्ष, माझी फाळणी आणि माझी सांप्रतची अवस्था यांचे निवेदन क्रमाने येईल. मी काहीही लपवणार नाही आणि कोणाचीही भीड बाळगणार नाही. कथन कडू आहे. घशाखाली उतरत नसेल तर औषध समजून घ्यावे, ही विनंती.

मी एक जुना फळा आहे. अचूक सांगायचे तर मी एक जुना अर्धा फळा आहे.

माझा जन्म सुताराच्या हातून झाला. दोन रुंद फळ्यांना त्याने रंधा मारला, कडेला कड सरसाने चिकटवली, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि वर काळा रंग चढवला. सांधा इतका बेमालूम की नखालाही लागू नये. "हा सांधा सुटला तर माझं नाव बदला," असे तो छातीठोकपणे म्हणाला. मित्रांनो, त्याचे नाव बदलण्याची पाळी कधी आली नाही. सांधा आपणहून सुटलाच नाही.

मला बनवून घेतले होते दोन भावांनी. उताराच्या रस्त्यावर त्यांचे जोड्यांचे दुकान होते. पुढच्या बाजूस नवे जोडे विकले जात, मागच्या बाजूस जुने दुरुस्त होत. थोरला भाऊ कॉलेजचे तोंड पाहून आलेला. त्याने कोणत्याही शाळेत शिकवले नव्हते, तरी सारी गल्ली त्याला मास्तर म्हणे. धाकटा टाचा ठोकी. त्याच्या ओठांत सदैव बारीक खिळे धरलेले असत, म्हणून त्याचे नाव खिळ्या पडले. खिळे न सांडता तो बोलू शके, हसू शके, आणि गल्लीचे म्हणणे असे की शिंकूही शके.

मास्तरांना एक नाद होता. इंग्रजीतले दुर्मीळ शब्द ते वेचून आणीत. असे शब्द, की जे ती भाषा बोलणाऱ्यांच्याही तोंडी सहसा येत नाहीत. त्या नादासाठीच माझा जन्म झाला होता. त्यांनी माझ्या अंगावर, नेमकी सांध्यावरून, एक उभी पांढरी रेघ ओढली. रेघेच्या डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. नियम असा ठरला की सकाळी दुकान उघडताना शब्द लिहायचा आणि दिवेलागणीला अर्थ. मधला सारा दिवस गल्लीने डोके खाजवायचे. शब्द मास्तर लिहीत, खाली त्याचा उच्चारही देत. अर्थ ते तोंडाने सांगत आणि खिळ्या लिहून घेई, कारण त्याचे अक्षर मोत्यांच्या दाण्यासारखे होते. मास्तरांचे अक्षर कसे होते ते सांगत नाही. वडीलधाऱ्या माणसाची निंदा करू नये.

पहिला शब्द होता अ‍ॅग्लेट. समोरचा औषधवाला लगेच रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "हे पोटाचं औषध आहे. माझ्याकडे मिळतं." तो प्रत्येक विषयावर मत देत असे आणि पुष्कळदा ते चुकत असे, परंतु त्यामुळे त्याचा उत्साह कमी होत नसे. संध्याकाळी खिळ्याने अर्थ लिहिला: बुटाच्या नाडीच्या टोकाला असते ते टोपण. जमलेली सगळी माणसे खाली वाकून आपापले पाय पाहू लागली. आयुष्यभर जिला हात लावला त्या वस्तूला नाव आहे, हे समजल्यावर माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी त्या दिवशी पाहिले. मित्रांनो, तो माझा उत्कर्षाचा काळ होता. रोज सकाळी ओले फडके माझ्या अंगावरून फिरे आणि मी नव्या दिवसासाठी काळाकुळकुळीत होई.

परंतु उत्कर्षालाही दृष्ट लागते. एके दिवशी शब्द आला गॉन्गूझलर. संध्याकाळी मास्तरांनी घसा खाकरून सांगितले, "कालव्याच्या काठी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांकडे निष्कारण पाहत राहणारा मनुष्य." खिळ्याने खडू उचलला आणि एवढेच लिहिले: बघ्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरही हसले, परंतु सगळ्यांत शेवटी.

त्यानंतर ओव्हरमॉरो आला. मास्तर म्हणाले, "उद्याच्या पुढे येणारा दिवस." खिळ्याने लिहिले, परवा, आणि ओठांतल्या खिळ्यांआडून म्हणाला, "दादा, हे त्यांना एवढं दुर्मीळ वाटतं? आपल्याकडे तर तेरवासुद्धा पडून आहे." पुन्हा हशा. बॉर्बरिग्मस या शब्दाचा अर्थ मास्तरांनी "उदरातील वायूच्या हालचालीचा ध्वनी" असा सांगितला. खिळ्याने लिहिले: दादाचं भाषण लांबलं की माझ्या पोटात होते ती गुरगुर. त्या दिवशी औषधवाल्याला हसता हसता ठसका लागला आणि पाणी पाजावे लागले.

खिळ्याच्या मनात कपट नव्हते असे मी म्हणणार नाही. थोरल्या भावाला चारचौघांत चिमटा काढण्याची गोडी त्याला लागली होती, आणि ती गोडी गुळापेक्षा वाईट असते. हळूहळू लोक सकाळी माझ्यापुढून नुसते चालत जाऊ लागले आणि संध्याकाळी मात्र गर्दी करू लागले. एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर सांगितले, "मास्तर, शब्द कुठलाही लिहा हो. आम्ही येतो ते खिळ्याभाऊ काय लिहितात ते वाचायला." मास्तरांच्या हातातला खडू माझ्या अंगावरच मोडला. तो मोडल्याचा आवाज माझ्याखेरीज कोणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी डावीकडे एक लांबलचक शब्द लिहिला: अल्ट्राक्रेपिडेरियन. संध्याकाळी त्यांनी कपडे बदलून येऊन खिळ्याला बजावले, "आज काटछाट नको. मी सांगतो ते पुरतं लिही."

मग ते सावकाश सांगू लागले. "पूर्वी एका चित्रकाराने आपले चित्र लोकांपुढे मांडले. जोडे शिवणाऱ्या एका इसमाने त्यातील जोड्याची चूक दाखवली. चित्रकाराने ती सुधारली. तेव्हा तो इसम शेफारला आणि चित्रातील पायाविषयीही बोलू लागला. चित्रकार म्हणाला, जोड्याच्या वर तोंड घालू नकोस. अर्थ: आपली पायरी सोडून बोलणारा."

खिळ्याने सर्व लिहिले. एक काना, एक मात्रा वगळली नाही. इतके सुंदर अक्षर त्याने त्यापूर्वी कधी काढले नव्हते. कोणी हसले नाही. औषधवाला सवयीने हसला आणि लगेच खोकू लागला. खिळ्याने खडू ठेवला. मग ओठांतला एकेक खिळा काढून त्याने फळीवर ओळीने मांडला. मोकळ्या तोंडाने बोलताना मी त्याला प्रथमच पाहत होतो.

"वाटणी कर, दादा."

"अरे, नुसता शब्द आहे तो! तुला कशाला झोंबला?"

"शब्द तुझा, अक्षर माझं. माझ्याच हाताने माझ्या थोबाडीत मारवून घेतलीस की नाही?"

मास्तरांनी त्याच क्षणी एक साधा शब्द उच्चारला असता तर माझे आयुष्य निराळे झाले असते. त्यांच्याजवळ शब्दांचे भांडार होते. त्यातून त्यांना तेवढा एक सापडला नाही.

वाटणी झाली. दुकान मास्तरांकडे राहिले, अवजारे आणि चामडे खिळ्याकडे गेले. मी तेवढा उरलो. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे खिळ्याच्या वहिनी, कळवळून म्हणाल्या, "फळा तरी राहू द्या एकाकडे, त्याला काय चिरायचंय?" मास्तरांना मी हवा होतो किंवा नाही, हे मला ठाऊक नाही. खिळ्याला तर मी डोळ्यांसमोरही नको होतो. परंतु दुसऱ्याकडे मी सबंध जाऊ नये, एवढे मात्र दोघांनाही मनापासून हवे होते.

म्हणून सुताराला बोलावले. त्याने मला ओळखले, अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लोक मला लाकूड जोडायला बोलावतात. तुम्ही भलतेच!" दोघेही दोन दिशांना पाहत उभे राहिले. मग त्याने पांढऱ्या रेघेवर करवत ठेवली. काम झाल्यावर त्याने एकेक तुकडा एकेकाच्या हाती दिला. "घ्या. आता तुम्ही शब्द विका आणि तुम्ही अर्थ विका."

करवत चालू होती तोवर मी एक होतो. थांबली तेव्हा मी उजवीकडे होतो. डावीकडे माझे काय काय राहिले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

खिळ्याने पुढच्या वळणावर टपरी टाकली. मला त्याने टांगले नाही. आडवा पाडला, मांडीवर घेतला, माझ्यावर चामडे पसरले आणि रापी चालवली. रापी म्हणजे चामडे कापण्याचे रुंद पात्याचे हत्यार. माझ्या अंगावर त्या संध्याकाळची शेवटची ओळ तशीच होती: आपली पायरी सोडून बोलणारा. त्याने ती पुसलीही नाही. तिच्यावरूनच कापायला सुरुवात केली. प्रत्येक जोडीगणिक माझ्यावर नवे घाव पडले, आणि ते कामापुरते आवश्यक होते त्यापेक्षा खोल होते.

डाव्या अर्ध्याची हकीकत गिऱ्हाइकांकडून समजे. मास्तर अजून शब्द लिहितात. उजवीकडे नुसती भिंत आहे. अर्थ विचारला तर म्हणतात, शोधा. शोधायला वेळ कोणाला आहे? लोकांनी विचारणे सोडले, पुढे मास्तरांनी लिहिणे सोडले. वर्षे लोटली. दोन्ही भावांचे केस पांढरे झाले, आणि दुकान व टपरी यांमधले ते एक वळण कोणी ओलांडले नाही.

मग एका दुपारी वहिनी टपरीवर आल्या.

"भावजी, त्यांनी आज पुन्हा फळ्यावर लिहिलंय."

खिळ्याने मान वर केली नाही. "काय लिहिलंय?"

"रेसिपिसन्स का काय ते. पाठ करत आले वाटभर."

"म्हणजे काय?"

"मला मेलीला काय कळतंय? विचारलं, तर म्हणाले, खिळ्याला सांग, बघून जा म्हणावं."

"आता आणखी कुठली शिवी राहिली होती द्यायची?"

"शिवी असेल तर असू दे. येऊन तुम्हीही एक द्या. पण या."

खिळ्याने रापीची धार अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "उद्या काम आहे. परवा येतो."

ओव्हरमॉरो, मित्रांनो. आपल्या भाषेत त्यासाठी इतका सोपा शब्द आहे की तो तोंडातून सहज निघून जातो.

त्या परवाच्या सकाळी औषधवाला धापा टाकत आला. "खिळ्या, ऊठ. मास्तर पडले. उजवं अंग गेलं. वाचा गेली." खिळ्या तसाच धावला. मी चामड्यासकट खाली पडलो.

उन्हे कलल्यावर तो परत आला. औषधवाला त्याच्या मागोमाग होता आणि प्रथमच त्याला बोलायला जड जात होते. "तो शब्द मी मोबाइलवर शोधला. तिथे सगळ्यांपुढे सांगवेना. आपली चूक उमजून माणसाने भानावर येणं, असा अर्थ आहे."

"कोणाची चूक?"

"आपली. स्वतःची."

खिळ्या उसळला. "मग सरळ आपल्या भाषेत लिहायला काय धाड भरली होती त्याला?"

औषधवाला खाली पडलेले चामडे उचलू लागला.

खिळ्याने मला बगलेत मारले आणि जुन्या दुकानात नेले. मागच्या खोलीत मास्तर खाटेवर पडले होते. डावा अर्धा आणून त्यांच्या समोरच्या भिंतीला टेकवला होता, आणि त्यावर तो शब्द कोंबडीच्या पायांच्या अक्षरात तसाच होता. खिळ्याने मला त्याच्याशेजारी उभे केले, फडक्याने पुसले आणि अर्थ लिहायला खडू टेकवला.

मित्रांनो, मला लिहून घेता आले नाही. माझ्यावर काळा रंग उरला नव्हता, घाव होते. खडू एका घावातून दुसऱ्या घावात घसरे. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. त्याने जोर लावला तेव्हा खडूचा भुगा होऊन खाली पडला. मोत्यांच्या दाण्यासारखे ते अक्षर माझ्या अंगावर शेवटपर्यंत उमटले नाही.

"दादा, कळलं रे मला," तो खाटेशी वाकून म्हणाला. "कळला अर्थ."

मास्तर त्याच्याकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, माझ्यावरच्या घावांकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. खिळ्याने आशेने वर पाहिले. तेव्हा औषधवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "या दुखण्यात डोळ्यांतून पाणी येतंच. त्याला काही अर्थ नसतो."

त्याचे म्हणणे खरे होते की नेहमीप्रमाणे चुकीचे, हे सांगू शकेल असा माणूस एकच होता आणि त्याची वाचा गेली होती.

पुढे खिळ्याने सुताराला बोलावून आम्हा दोघांना पुन्हा जोडायला सांगितले. म्हाताऱ्या सुताराने दोन्ही कडा जुळवून पाहिल्या आणि मान हलवली. "जोडेन, पण रेघ नाही जुळायची. करवतीने खाल्लेलं लाकूड कुठून आणू?" आम्ही आता भिंतीला शेजारी शेजारी टेकलेले असतो. मधली फट बोटाएवढीही नाही. तिच्यातून पलीकडची भिंत दिसते.

मित्रांनो, माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. अवघड शब्द अवश्य शिका. ते फार सुंदर असतात. परंतु कोणाला टोचण्यासाठी ते वापरू नका, आणि "चुकलो" म्हणायचे असेल तेव्हा त्यांच्याआड मुळीच लपू नका. आणि ज्या फळ्यावर कधीकाळी अर्थ लिहिला होता त्यावर चामडे कापू नका. पुन्हा लिहिण्याची वेळ येते, आणि तेव्हा खडू धरत नाही.

इतका वेळ माझे कडू बोल ऐकून घेतल्याबद्दल मी सर्व वाचकांचा अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
फळ्याची उजवी बाजू