जात्याची मोटर माझ्या पोटात

मित्रांनो, जरा हळू बोलते, रागावू नका. दमले आहे मी. मी एक जुनी शेगडी आहे, पण तुमच्या ओळखीची नव्हे. मला कोळसा लागत नाही, गॅसही लागत नाही. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या माझ्या डब्यात ओतायच्या. आतला मळसूत्री दांडा फिरतो आणि त्या गोळ्या थोड्या थोड्या करून आगीत ढकलतो. तो दांडा फिरवते एक छोटीशी मोटर. ती चालली तर मी शेगडी, नाहीतर नुसतं पत्र्याचं खोकं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पुण्याचा पृथ्वीराज तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला होता, त्याने मला विकत घेतलं. आठ वर्षांनी तो आणि त्याची बायको ऋतुजा परत आले, तेव्हा सोफ्याबरोबर मीही जहाजातून आले आणि बाणेरला सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभी राहिले. इथली वीज मला सोसेना म्हणून माझ्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर आणला. आजारी माणसाला वेगळा स्वयंपाक करतात, तसं ते होतं.

सुरुवातीला काय कौतुक माझं! दर शनिवारी ऑफिसची मंडळी यायची. पनीर, कणसं, कोंबडी, सगळं माझ्यावर भाजलं जायचं आणि खाण्याआधी त्याचे फोटो निघायचे. पृथ्वीराजचे वडील रंगराव दारातूनच बघायचे. "वांगं भाजायला बाई थेट अमेरिकेहून आणली. छान," असं म्हणायचे. मला फार लागायचं ते. पण भरीत मात्र ते दोनदा मागून घ्यायचे, हेही सांगून टाकते.

रंगराव चाळीस वर्षं गणपतीचे हलते देखावे करत होते. राक्षसाची मान डोलवायची, ऋषीचा हात आशीर्वादाला उचलायचा, ही त्यांची कामं. बायको, म्हणजे मैनाबाई, गेल्यापासून ते मुलाकडे राहायला आले. तरी रोज सकाळी बसने कसबा पेठेत जायचे आणि वर्कशॉपची खोली उघडून बसायचे. काम येवो न येवो.

पुढे माझे दिवस फिरले. दोघांचीही ऑफिसची कामं वाढली, शनिवार गेले. एका पावसाळ्यात गोळ्या माझ्या डब्यातच राहिल्या. त्या भिजून फुगल्या, दांड्याभोवती त्यांचा लगदा झाला आणि तो वाळून दगड झाला. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा कुणी झाकण उघडून बघितलं नाही, सरळ बटण दाबलं. माझी मोटर बिचारी कण्हत कण्हत ओढत राहिली. तिची दातेरी चाकं झिजली आणि शेवटी ती नुसतीच घरघरायची, दांडा जागचा हलायचा नाही. तशी मोटर कंपनीने बनवायचीच बंद केली होती. मग माझ्यावर कुंड्या आल्या. उन्हाळ्यात कुरडया वाळल्या. 

त्याच उन्हाळ्यात कसब्यातली इमारत पाडायचं ठरलं आणि रंगरावांना खोली सोडावी लागली. त्यांची मोटरींनी भरलेली लोखंडी पेटी माझ्या शेजारी येऊन बसली. आता बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अण्णा, रविवारी भंगारवाला बोलावलाय," पृथ्वीराज म्हणाला. "ही शेगडी जाईल. पेटीचं काय करायचं?"

"पेटी राहू दे."

"अहो, पण ठेवायची कुठे? आणि त्यातलं काही चालतं तरी का? असं करू, जे चालतं ते ठेवू. बाकीचं जाऊ दे."

रंगराव पेटीचं झाकण हाताने पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. जे चालतं ते."

शुक्रवारी मुलगा-सून कामाला गेल्यावर त्यांनी माझ्यावरच्या कुंड्या उतरवल्या. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून टोकरून तो दगड झालेला लगदा काढला.  माझी झिजलेली मोटर त्यांनी बाहेर काढली आणि पेटीतली एक तिच्या जागी बसवली. ती होती ऋषीच्या हाताची. देखाव्याच्या मोटरी मुळातच सावकाश फिरणाऱ्या, मला हव्या तशाच. इथलीच वीज लागणारी, म्हणून तिला वेगळी वायर जोडली.

पण झाली चूक. ती मोटर जरा अडलं की उलटी फिरायची. ऋषीचा हात वर-खाली करायला ते चालून जायचं, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. माझ्यात मात्र गोळ्या दोन बोटं पुढे गेल्या की परत डब्यात यायला लागल्या. आग विझली, नुसता धूर झाला. रंगराव खोकत खोकत हसले आणि म्हणाले, "ऋषी दिलेला आशीर्वाद परत घेतोय."

एकाच बाजूला फिरणारी मोटर पेटीत एकच होती, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ती त्यांनी शनिवारी दुपारी काढली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. एका वर्षी त्यांनी जात्यावर दळणारी बाई केली होती, तिला मैनाबाईंचा चेहरा दिला होता. बाई चार फेरे दळायची, थांबायची, पुन्हा दळायची. बाहुली केव्हाच विरली. राहिली ती मोटर, तिचा टायमर आणि मोटरीला अडकवलेला कागदी लगद्याचा एक हात. त्या हातात मैनाबाईंच्या खऱ्या हिरव्या बांगड्या होत्या.

रंगराव मोटर मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. मग त्यांनी तो हात अलगद सोडवून पेटीत ठेवला आणि मोटर टायमरसकट माझ्या पोटात बसवली. बटण दाबलं. दांडा चार फेरे फिरला, थांबला, पुन्हा फिरला. गोळ्या पडल्या आणि आग धरली. मित्रांनो, किती दिवसांनी मला ऊब लागली! मला वाटलं, म्हाताऱ्याने माझ्यासाठी एवढं केलं. तेव्हा मला कळलंच नव्हतं.

रविवारी भंगारवाला आला. पृथ्वीराजने मला चालताना बघितलं आणि तो खूश झाला. "वा अण्णा! मग ही राहिली. पेटी नेऊ देऊ ना?"

"नेऊ दे. ठरलंय आपलं."

पेटी उचलता उचलता झाकण उघडलं आणि तो हात खाली पडला. पृथ्वीराजने तो उचलला. बांगड्या वाजल्या. त्याचा चेहराच उतरला.

"अण्णा, या आईच्या ना?"

"हो."

"मग हा हात टाकता कसा तुम्ही?"

"तो चालत नाही," रंगराव म्हणाले. "त्याची मोटर चालते. ती ठेवलीय मी शेगडीत."

 पेटी खाली ठेवायला सांगून पृथ्वीराजने भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन जमिनीवरच बसला. तो कागदी हात त्याच्या मांडीवर होता. "अण्णा, एकदा फिरवा ना," तो म्हणाला. रंगरावांनी बटण दाबलं. बापलेक खाली मान घालून ऐकत राहिले. चार फेरे, मग थांबायचं, मग पुन्हा.

तेव्हा मला कळलं की त्यांनी मला वाचवलं नव्हतं, तिला वाचवलं होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण आता या वयात कुणाच्या तरी उपयोगी पडले, हे काय कमी आहे?

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरातली वस्तू बंद पडली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं झाकण उघडून बघा, आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं असेल तर त्याला विचारा. आणि हो, पावसाळा जवळ आलाय. माझ्या गोळ्या तेवढ्या कोरड्या ठेवा. मला आता ओलं-सुकं सगळं सारखंच आहे हो. पण दळायला तिला जड जाईल.