खंडेनवमीला मुका झालेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. अंग लाकडाचं, तोंडावर रेशमी जाळी आणि पोटात काचेचे दिवे. आज माझ्यावर धूळ आहे म्हणून नाक मुरडू नका. निजामाच्या राजवटीत मी हैदराबादहून आगगाडीनं परळीला उतरलो, तेव्हा मला बघायला अख्खी पेठ लोटली होती!

कापसाचे व्यापारी मन्मथप्पा यांनी मला आणलं ते भाव ऐकायला. पण नुसत्या भावानं कुणाचं मन भरतं का? संध्याकाळी नाचाची गाणी लागायची आणि दुकानामागच्या अंगणात शेजारच्या बायका जमायच्या. मन्मथप्पांची बायको शिवकांता नवी नवरी होती. एरवी तोंडातून शब्द नाही, पण गाणं लागलं की कणीक मळता मळता तिचे पाय ठेका धरायचे. सासू शिवगंगाबाई कडाडायच्या, "बंद करा ते! घर हाय का नाचाचा फड?"

"थांब अव्वा, भाव सांगायचेत अजून," असं आईला म्हणून मन्मथप्पा मला चालूच ठेवायचे. लबाड कुठले!

कोणत्या गाण्याला जास्त फर्माइशी आल्या, हे हैदराबाद केंद्रावरून दर महिन्याला सांगत. चैत्रात घुंगरांचं एक गाणं वरचढ होतं, ज्येष्ठात सनईचं. आषाढात ढोलकीचं एक उडतं गाणं आलं आणि त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. शब्द उर्दू, निम्मे कुणाला कळेनात. शिवकांतानं त्या चालीत आपले शब्द बसवले, नवऱ्याचं नाव गुंफलं आणि नागपंचमीला बायकांनी त्यावर फेर धरला. आता वर्षभरातलं पहिल्या नंबरचं गाणं खंडेनवमीच्या संध्याकाळी जाहीर होणार होतं. शिवकांताचा सगळा जीव त्यात अडकला होता.

खंडेनवमीला पेठेत तराजू, मापं, हत्यारं पुजतात. शिवकांताला वाटलं, मग माझी पूजा का नको? निजलेल्या देवाला कुणी पुजत नाही, म्हणून तिनं आधी मला चालू केलं. दिवे चांगले तापले. मग तिनं जाळीवर विभूतीची बोटं ओढली, मागची फळी काढली आणि आत पळीभर पाणी सोडलं.

तडाक्! दिवे तडकले. मी मुका झालो.

पोर पदरानं माझ्यातलं पाणी टिपू लागली. "आता मला माहेरी धाडतील," ती मलाच म्हणाली. मला बोलता आलं असतं तर मीच दोष घेतला असता, खरंच सांगतो.

मन्मथप्पा धावत आले. "कुणी केलं हे?"

आवाज ऐकून आलेल्या शिवगंगाबाईंनी सुनेच्या हातातली पळी केव्हाच काढून घेतली होती. "मी केलं. सणाला पूजा करू न्हाई का? ह्याला पानी सोसत न्हाई, हे मला काय ठावं!"

मन्मथप्पांनी बायकोच्या भिजल्या पदराकडं पाहिलं, मग आईकडं. "अव्वा, तू तर ह्याच्याकडं बघत बी नव्हतीस."

"आज बघितलं. जा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

ओठ दाबून हसत ते दुकानात गेले.

संध्याकाळी बायका जमल्या. शेजारची रतनबाई म्हणाली, "लाव की गं, पैलं गाणं कोणतं ते ऐकू." शिवकांताची मान खाली गेली. तेवढ्यात शिवगंगाबाईंनी पदर खोचला.

"ते हैदराबादनं कशापायी सांगायचं? शिवकांता, म्हण तुझं ते. आन् मन्मथाचं नाव मोठ्यानं घे, दुकानापतुर जाऊ दे!"

फेर सुरू झाला आणि त्यात शिवगंगाबाईही होत्या! जन्मभर मी लोकांना गाणी ऐकवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी गाणं ऐकवलं.

मित्रांनो, माझ्या भावंडांना कोरड्या फडक्यानं पुसा, पाणी लावू नका. आणि मायेपोटी कुणाच्या हातून आम्ही बिघडलोच, तर आधी त्या माणसाला जपा. आम्ही थांबू.