गोठ्यामागची माती

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अनुजानं पडद्यावरचा शेवटचा आलेख दाखवला आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली.

शेवटच्या रांगेत तिचे वडील केरबा बसले होते. कागलहून पहिल्या एसटीनं निघूनही त्यांना उशीर झाला होता. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, ग्रंथालय, तळं असं सगळं विद्यापीठ पालथं घालून ते पर्यावरणशास्त्र विभागात पोचले होते.

"पावणं, हितं चुकलेला माणूस पदवी घिऊनच भाईर पडतोय," पाणी देताना शिपाई आकाराम म्हणाला होता.

पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन ऐकावं, असं लेकीनं सांगितलं होतं. विषय त्यांच्याच शिवारातला होता : मिठानं पांढरी पडलेली उसाची रानं.

"सातव्या रानातली माती वर्षभरात सुधारली," परीक्षक म्हणाले. "हाच तुमच्या प्रबंधाचा गाभा. अभिनंदन."

केरबांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. दुसऱ्या वर्षी अनुजा टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती. सातव्या रानातल्या मातीची पिशवी तिनं त्यांना भरायला सांगितली होती.

"उपस्थितांपैकी कुणाला प्रश्न?" अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि कागद आवरायला घेतले.

"मला बोलायचं हाय."

सगळ्या माना मागं वळल्या.

"आण्णा, बसा की," अनुजा म्हणाली.

"ती माती त्या रानातली न्हाय. म्या गोठ्यामागची भरलीती. मीठ फुटलेली माती एवढ्या मोठ्या विद्यापीठात कशी धाडायची? पावण्याला नासकं दूध दिल्यागत वाटलं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बाकीच्या पिशव्या?" अनुजाचा आवाज खाली गेला होता.

"त्या तूच भरल्यास. म्या एकच."

ती पडद्याकडं वळली. सगळ्यांदेखत तिनं तक्त्यातली सातवी ओळ काढून टाकली. मग परीक्षक आणि अध्यक्ष सोडून सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं गेलं.

बाहेरच्या बाकावर केरबा लेकीच्या शेजारी बसले.

"रागावलीस?"

"व्हय." तिनं त्यांच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ केली. "बरं झालं, टायफॉइडला माझं रक्त तपासायला तुमी न्हेलं न्हाईसा. कुणा पैलवानाचं दिलं असतंसा."

एकच्या सुमारास आकारामनं दार किलकिलं केलं. अनुजा उठून उभी राहिली.

"तुमी न्हाय, ताई. तुमच्या वडलांना बोलीवलंय. त्या गोठ्यामागं काय काय टाकतासा, ते इचारायचं हाय म्हनं."

केरबा आत गेले. पावणेदोन वाजले, तरी दार उघडलं नव्हतं.