भैय्याजींची झाडलोट

वाडीतल्या गोदामाचा सर्व्हर पुन्हा बसला आणि मेघाचं डोकं फिरलं. फाटकावर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होते आणि पावती एकही निघत नव्हती. मेघाला कामावर ठेवायचं की काढायचं, हे मालक आजच ठरवणार होते. पोरीचं सॉफ्टवेअरच मशीन पाडतं, असं मॅनेजर भैय्याजींनी त्यांच्या कानात भरून ठेवलं होतं.

साफ खोटं! पण ते दाखवायला पुरावा हवा. मशीन पडताना आपण का पडलो ते लॉगमध्ये लिहून जाते. मेघाने तो लॉग डिस्कवर जपायची सोय केली, तरी मशीन उठली की फाइल कोरीच. काल कारण सापडलं. गोदाम झाडल्याशिवाय शटर उघडायचं नाही, हा भैय्याजींचा नेम. तोच त्यांनी मशीनलाही लावला होता. सुरू होताना जुने लॉग आपोआप पुसले जावेत, अशी कमांड टाकून बसले होते!

“काहून पुसता तुम्ही हे?” ती कडाडली होती.

“कचरा ठेवून काम सुरू करत नसतात वं. तू काहून एवढी चिडून राहिली?”

त्यांच्या कमांडला हात लावला असता, तर मशीन बिघडवली म्हणून तिच्याच नावाने शंख झाला असता. तिने लॉग लिहिला जाताच त्याची प्रत आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उतरेल असं केलं.

आज मशीन पडली. भैय्याजींनी सवयीने बटण दाबलं, झाडलोटही झाली. मेघाच्या स्क्रीनवर मात्र लॉग शाबूत होता. मेमरीची दुसरी पट्टी खराब. भैय्याजींनी स्वतः आणून बसवलेली, सेकंडहँड.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. तोंड एवढंसं झालं.

“लावा मालकाले फोन,” मेघा म्हणाली. “तुम्हीच सांगा.”

भैय्याजींनी फोन लावला. “मालक, मशीनमधी बारीकसा बिघाड होता, आता ठीक आहे. पोरीचं काय ते तुम्ही पाहून घ्या.”

मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून तिने आजवर काही हिसकावलं नव्हतं. आज फोन हिसकावला.

“मालक, मी मेघा. मशीन पडताना काय लिहून गेली ते वाचून राहिली. पूर्ण ऐका, मग काढा मले.”