माझ्या पाठीवर वैऱ्याचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना चोवीस इंची फोटो-प्रिंटर आहे. जोगेश्वरीला तळमजल्यावरच्या खोलीत अनुपमा आणि तिचा धाकटा भाऊ मिहिर प्रदर्शनांसाठी फोटो छापून देतात. म्हणजे छापतो मी, कौतुक घेतात ते.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या आठ शायांचं काय अप्रूप होतं. लोक कागदाला बोट लावून म्हणायचे, "काळा बघ, नुसती मखमल."

यंदा मात्र घरात स्थळं बघितल्यासारखी चर्चा सुरू झाली. चव्वेचाळीस इंची प्रिंटर हवा, बारा शायांचा. माझं आठांत भागतं, त्याला बारा लागतात, तरी खर्चिक मीच.

दोघं दुकानोदुकानी एकच फोटो छापून बघत हिंडली. अनुपमाची मैत्रीण क्षमा हिने तो गोराईला काढलेला: बांबूंवर सुकत टांगलेले बोंबील, मागे गुलाबी संध्याकाळ. आणलेले नमुने पसरले कुठे, तर माझ्याच पाठीवर.

"ताई, सावलीतला बोंबीलन् बोंबील मोजता येतोय बघ."

"आणि कागद बदलला की काळी शाई बदलायला नको. आपला म्हातारा दर बदलाला केवढी शाई पितो."

म्हातारा. ऐकलंत ना?

शेवटी एक नवा पसंत पडला. लगेच मिहिरने माझं बटण बंद केलं. "हा जाणारच आहे, याला शाई कशाला पाजायची?" शाई सोडणारी माझी बारीक तोंडं ओली राहावीत म्हणून रोज माझ्यावर एक पट्टी छापायची रीत होती, तीही थांबली.

पण नवा वेळेवर आलाच नाही, बंदरात अडकला म्हणे. मला आतून गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात क्षमा आली. तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

"जुन्यावर काढ गं. रिकाम्या भिंती बघायला लोकांना बोलावू का?"

मला चालू केलं. म्हटलं, आता दाखवतो. बोंबील निघाले, आणि आभाळ निघालं हिरवट, वर पांढऱ्या रेघा. शाई तोंडाशीच वाळली होती.

"गोराईला संध्याकाळ हिरवी होते का रे मिहिर?" क्षमाने विचारलं. मिहिरने तो कागद चुरगाळला.

अनुपमा दुपारभर ओलं कापड घेऊन माझी तोंडं पुसत बसली. सात शाया सुटल्या. गुलाबी सुटली नाही.

"मग रंगच नकोत," क्षमा म्हणाली. "सगळे कृष्णधवल काढ."

काढले. भिंती भरल्या, लोक थांबून बघत होते. क्षमा मात्र प्रत्येकाला सांगत होती, "खरं तर ही संध्याकाळ गुलाबी होती हो."

आता नवा आलाय. खिडकीजवळची जागा त्याला, कोपरा मला. कृष्णधवल काम तेवढं माझ्याकडे येतं.

मित्रांनो, नवं आणा, हौसेने आणा. पण ते उंबऱ्यात येईपर्यंत जुन्याला उपाशी ठेवू नका. त्याची भूक मागाहून भागत नाही. नव्याकडे गुलाबी शाई दोन प्रकारची आहे, गडद आणि फिकी. दोन्ही त्यालाच कशाला लागतात, कोण जाणे.