हात स्थिर असताना

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लॉगिनचं कोरं पान उघडलं होतं, सुनंदाबाईंनी मोठ्या निगुतीनं रचत आणलेलं उत्तर त्याच्यामागे कुठेतरी बुडालं होतं, आणि रविवारची म्हणून गुरुग्रामहून घरी आलेली त्यांची मुलगी रुचिता खुर्चीमागे चहाचा कप धरून उभी होती. तिनं हे पाहायला नको होतं, एवढंच सुनंदाबाईंना वाटत होतं.

कारण ते पान तिनंच घडवलेलं होतं. सुनंदाबाई दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात सेक्शन ऑफिसर. तिथला सक्तीचा अभ्यासक्रम यंदा ऑनलाइन झाला आणि त्याची प्रणाली रुचिताच्या कंपनीनं घडवली. काही वेळ कुणी कळ दाबली नाही, माउस हलवला नाही, की खुर्ची रिकामी आहे असं मानून खातं बंद करणारा, दार लावून घेणारा भाग तर तिनं स्वतः लिहिलेला. सुनंदाबाईंनी हे अख्ख्या मजल्याला अभिमानानं सांगितलं होतं. पुढे लोकांची उत्तरं वाहून जाऊ लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे नागपूरचे दिनकरराव टोमणा मारून गेले, की बाई, तुमची लेक आम्हाला निवृत्तीआधीच घरी पाठवतेय. एकेका कॉम्प्युटरवर चौघं बसतात, उघडा टाकून उठणाऱ्यांपासून आपलंच रक्षण आहे ते, असं सुनंदाबाईंनी त्यांना ठणकावलं होतं.

ते खरंही होतं. पण उभा जन्म फायलींवर टिपण्या लिहिलेल्या या बाईची रीत अशी, की वाक्य मनात पुरतं उभं राहिल्याशिवाय हात हलायचा नाही. खाडाखोड त्यांना उष्ट्या ताटासारखी वाटे. डोळे मिटून त्या शब्द जुळवत बसत आणि यंत्र त्या निःशब्दतेला गैरहजेरी समजे. म्हणून विचार करताना डाव्या हातानं माउस फिरवत राहायला त्या शिकल्या होत्या. आज लेकीसमोर तसं करायची लाज वाटली आणि हात मांडीवरच राहिला.

"कितीदा झालंय असं?" रुचितानं अखेर विचारलं.

"पहिल्यांदाच."

"रोज," सोफ्यावरून तिचे बाबा म्हणाले. "जातं फिरवावं तसा माउस फिरवते. पीठ पडायचं तेवढं बाकी आहे."

"एकदा तरी सांगायचंस ना यार, आई."

मग ती घाईघाईनं म्हणाली, की तुझं खातं आतून बदलते, ते कधीच बंद होणार नाही, कुणाला कळणारही नाही. सुनंदाबाईंचा चेहरा कठीण झाला.

"माझ्या एकटीला मागचं दार नको. हे माझ्या मुलीनं केलंय, असं सगळ्यांना सांगून बसलेय मी. ते यापुढेही सांगता येईल असं कर."

रुचितानं कप खाली ठेवला, खुर्ची ओढून ती शेजारी बसली आणि माउसला हात न लावता पुन्हा लिही म्हणाली. सुनंदाबाईंनी डोळे मिटले. आत, अंधारात, एकेक शब्द आपली जागा शोधत आला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा वाक्य सिद्ध होतं, दार पुन्हा लागलेलं होतं आणि रुचिता पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

"किती हजर होतीस तू, आई," ती हळू म्हणाली. "आणि मी तुझी गैरहजेरी लावत होते."

पुढचं सुनंदाबाईंना फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलं. कंपनीतले वरिष्ठ आधी अडून बसले, की कडक नियम ग्राहकानंच, म्हणजे सरकारनंच मागितलेत. रुचिता हटली नाही. दार लागू द्या, पण आधी विचारा. लागलंच तर उत्तर जपा आणि ज्याचं त्यालाच परत द्या. शेवटी तिनं ते मान्य करून घेतलं.

काही आठवड्यांनी एका दुपारी दिनकररावांनी सगळ्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. पडद्यावर एक छोटी चौकट उमटली होती. 'क्या आप सोच रहे हैं? आपका उत्तर सुरक्षित है।' आणि खाली बटण, 'हाँ, सोचने दीजिए।'

दिनकररावांनी ते दाबलं नाही. मान मिळालेल्या माणसासारखे ते खुर्चीत रेलून बसले. एवढ्या नोकरीत हे कुणी पहिल्यांदाच विचारतंय, म्हणाले. सगळे हसले. मग ते सुनंदाबाईंकडे वळले आणि त्यांच्या आवाजातला टोमणा कुठेतरी विरून गेला.

"खरं सांगा बाई, हे सुचलं कुणाला? लेकीला, की तिच्या आईला?"

सुनंदाबाईंनी वाकून त्यांच्या पडद्यावरचं 'हाँ, सोचने दीजिए' दाबलं. त्यांनी पदर सावरला, टेबलावरची फाईल उचलली आणि त्या लांबलचक व्हरांड्यातून चालत गेल्या.